थोरल्या पाळकांचं रंगकाम

बदलीचा हुकूम आला तेव्हा पाळकांनी बायकोला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. नव्या ठिकाणी पार्सनेज, म्हणजे पाळकाचं राहतं घर, चर्चच्या आवारातच आहे. त्याला वेगळं स्वयंपाकघर आहे. आणि लेकीला अभ्यासाला स्वतःची खोली मिळेल, आतून कडी लागणारी. तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या निघाल्या. फक्त त्या घरात दुसरंच कुणी राहत होतं.

दुसरंच कुणी म्हणजे आधीचे पाळक. ते रीतसर निवृत्त झाले होते. निरोपसमारंभ झाला होता, भाषणं झाली होती, मंडळीनं डोळे पुसले होते. "मुलानं माझ्यासाठी घर बांधलंय, आता तिथं नातवंडांत रमणार," असं त्यांनी भर उपासनेत सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग फुलांचे गुच्छ काखेत मारून ते सरळ पार्सनेजमध्ये परत गेले आणि तिथेच राहिले.

"तिकडचं रंगकाम तेवढं बाकी आहे," ते म्हणाले. "झालं की निघालोच."

नव्या पाळकांचा टेम्पो आवारात येऊन उभा राहिला तेव्हा पंचकमिटीचे सचिव धावत आले. या सचिवांना सगळे पाठीमागे 'बघू-करू' म्हणत, कारण छप्पर गळो की बाजाची पेटी फुटो, त्यांचं उत्तर एकच असे. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि चर्चच्या मागचा संडेस्कूलचा हॉल उघडून दिला.

"तात्पुरतं हं, पाळकसाहेब. आठवडाभराचा प्रश्न."

तात्पुरतं या शब्दावर ज्याचा विश्वास असेल त्यानं एकदा संडेस्कूलच्या हॉलमध्ये बिऱ्हाड करून बघावं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान दर रविवारी ते बिऱ्हाड कपाटामागे लपवावं तरी लागत नाही. इथे लागे. हॉलमध्ये मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या बाकड्या होत्या, खडूची धूळ होती, भिंतीवर मुलांचा हजेरीपट होता आणि एक भलामोठा नकाशा होता, प्रेषित पौलाच्या प्रवासांचा. लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. ती त्या नकाशाखाली पुस्तक घेऊन बसे. पहिल्याच दिवशी नकाशाकडे बघून म्हणाली, "बाबा, या माणसालाही पार्सनेज मिळालं नव्हतं वाटतं."

पाळक हसले. पहिल्या आठवड्यात ते अजून हसत होते.

रविवारी पहाटे उठायचं, गाद्या गुंडाळायच्या, स्टोव्ह पडद्याआड सारायचा, दोरीवरचे ओले कपडे काढून बादलीत कोंबायचे, मग पोरं येणार. पोरं येत आणि पडद्याआड डोकावत. संडेस्कूलच्या बाई उत्साही होत्या, त्यांना प्रत्येक गोष्ट करून दाखवायची हौस. एकदा बायबलातल्या गल्याथ नावाच्या राक्षसी योद्ध्याची गोष्ट चालू असताना त्यांनी पडद्याआडून पातेलं काढलं आणि शिरस्त्राण म्हणून एका पोराच्या डोक्यावर घातलं. पोराच्या केसांना मुबलक तेल होतं. पाळकीणबाईंनी ते पातेलं चारदा घासलं आणि मग घासणीच फेकून दिली.

गुरुवारी संध्याकाळी गायनवृंदाची तालीम असे. तीही तिथेच, कारण हॉलचा आवाज घुमतो म्हणे. घुमायचा खराच. एका बाजूला पाळकीणबाई कांदा परतत आणि दुसऱ्या बाजूला सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या, बाया खोकत. गायनवृंदाची प्रमुख, जिला सगळे सूरमावशी म्हणत, एकदा गाणं मध्येच थांबवून अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "बाई, तुमची फोडणी आमच्या सुरात येतेय." पाळकीणबाईंनी स्टोव्ह बंद केला. त्या दिवशी तिघांनी पाव खाल्ला. लेक कानात कापसाचे बोळे घालून भूमिती सोडवत होती, पण कापसाला काय, तो सूरमावशीला थोडाच अडवतो.

बरं, हे सगळं सोसून माणसाला निदान कामाचं समाधान तरी मिळावं. तिथेही दुष्काळात तेरावा महिना.

त्यात पहिली चूक पाळकांची स्वतःची होती, नाही म्हणायला जागा नाही. पहिल्या उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्यांनी डोळे मिटले आणि सवयीनं जीभ सुटली. पाय घसरून पडलेल्या सुताराची आई, मूत्रपिंडाचा त्रास असलेले मास्तर, बाळंतपणात अडलेली धाकटी सून, एकेकासाठी त्यांनी कळवळून मागितलं. डोळे उघडले तर सगळी मंडळी एकमेकांकडे बघतेय. ते सगळे आजारी जुन्या चर्चचे होते. इथे ना ते मास्तर होते, ना ती सून. आणि इथे पहिल्याच बाकावर हाताला प्लास्टर घातलेला माणूस बसला होता, त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

"मन अजून तिकडेच आहे यांचं," लोक म्हणाले. नव्याचे नऊ दिवस असतात, यांना एकही मिळाला नाही.

मग दर रविवारी एकच खेळ. उपासना संपली की पाळक रिवाजाप्रमाणे दारात उभे राहत, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायला. लोक हात मिळवत, पण असा, की जणू तिकीट दाखवून पुढे जायचंय. पुढे म्हणजे कुठे? आवारापलीकडे पार्सनेजच्या व्हरांड्यात. तिथे वेताच्या खुर्चीत थोरले, म्हणजे आधीचे, पाळक बसलेले असत. त्यांच्यापाशी ही रांग! कुणाच्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं, कुणाला मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना हवी होती, कुणाला नुसतंच रडायचं होतं. सगळं व्हरांड्यात. चर्चच्या दारात आपले पाळक झगा सावरत उभे, आणि समोर रिकाम्या पायऱ्या.

थोरले पाळक माणूस वाईट नव्हते, हेच तर दुःख. वाईट असते तर भांडता आलं असतं. भेटले की ते नव्या पाळकांचा खांदा थोपटत, "त्रास होतोय ना तुम्हाला? झालंच बघा. आता दुसरा हात मारतायत." पुढच्या आठवड्यात रंगाऱ्याला ताप यायचा. त्यापुढच्या आठवड्यात हवा दमट असायची. एवढ्या अवधीत एखाद्यानं राजवाडा रंगवून वाळवून वर नक्षी काढली असती. आणि इतके महिने कुणालाही त्यांनी व्हरांड्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. खिडक्यांचे पडदे कायम ओढलेले.

"तुम्ही कडक बोलत नाही म्हणून हे होतंय," पाळकीणबाई म्हणाल्या.

"म्हाताऱ्या माणसाशी काय कडक बोलू?"

"मग माझ्याशी बोला. मी आता सांगते ते ऐका." त्यांनी हातातलं ताट बाकडीवर ठेवलं. आवाज चढवला नाही, कारण पलीकडे लेक वाचत होती आणि हॉलमध्ये आवाज घुमायचा. "पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. चाचणीत दोन विषयांत गेलीय ती. गेल्या वर्षी पहिली आली होती. महिनाअखेरीला मला दार असलेली खोली मिळाली नाही, तर मी तिला घेऊन दादाकडे जाते. ही धमकी नाही. ही व्यवस्था आहे."

पाळक बायकोला चांगलं ओळखत होते. आजवर प्रत्येक बदलीला तिनं आपली शिक्षिकेची नोकरी सोडली होती आणि कधी हूं की चूं केलं नव्हतं. जी बाई कधी धमकी देत नाही, तिनं 'ही धमकी नाही' म्हटलं की घाबरायचं असतं.

मग मात्र पाळकांनी कंबर कसली. ते सचिवांकडे गेले.

"बघू," सचिव म्हणाले.

"बघून झालं."

"करू."

"कधी? मी उद्या बिशपसाहेबांकडे जातो आणि त्यांना सांगतो, की या मंडळीनं पाळकाच्या बायकोचं पातेलं गल्याथाच्या डोक्यावर घातलंय."

सचिव पहिल्यांदाच नीट सरळ बसले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं पाळक फक्त व्यासपीठावर बोलले होते. कमिटी बसली, खूप खाकरणं-खोकणं झालं आणि ठरलं: शनिवारी टेम्पो आणायचा, चार तरुण पोरं बरोबर घ्यायची, आणि थोरल्या पाळकांना मानानं, सामानासकट, त्यांच्या मुलाच्या घरी पोचवायचं. उरलेलं रंगकाम ते तिथे बसून करून घेतील.

शुक्रवारी सचिवांचा फोन आला. "पाळकसाहेब, टेम्पोवाला पत्ता मागतोय. तेवढा तुम्हीच विचारून घ्या. आम्हाला कसंतरी वाटतं."

म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला पुन्हा पाळकच. पण त्या दिवशी त्यांना कसंतरी वाटत नव्हतं. उलट पाठ केलेल्या संदेशासारखी वाक्यं तयार होती, प्रेमळ पण ठाम. ते व्हरांड्याच्या पायऱ्या चढले.

"उद्या टेम्पो येतोय," त्यांनी सांगून टाकलं. "कमिटीनं ठरवलंय. टेम्पोवाल्याला तुमच्या मुलाच्या घराचा पत्ता हवाय."

थोरले पाळक खुर्चीतून उठले. "पत्ता," ते म्हणाले. मग परत म्हणाले, "पत्ता ना." त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, जणू पत्ता तिथे ठेवला होता.  पाळकांना त्या क्षणी, देव क्षमा करो, थोडी मजाच वाटत होती.

"आत या," थोरले म्हणाले.

आत घर नव्हतंच. म्हणजे भिंती होत्या, कोनाडे होते, पण एकही वस्तू जागेवर नव्हती. सगळं सामान बांधून तयार होतं. पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत रचलेली, सुतळीनं आवळलेली, वर धूळ बसलेली. पलंग सोडवून भिंतीला टेकवलेला. मधल्या मोकळ्या जागेत दोन गाद्या गुंडाळलेल्या होत्या आणि एक स्टोव्ह होता. थोरल्या पाळकीणबाई एका खोक्यावर बसून बटाटे सोलत होत्या. त्या घाईघाईनं उठल्या, पदर सारखा केला, बसायला दुसरं खोकं पुढे ओढलं.

"निरोपसमारंभाच्या आधीच बांधलं सगळं," थोरले पाळक म्हणाले. "मुलानं दोन खोल्यांचं घर घेतलंय हे खरं. पण त्याची सासू आलीय राहायला. सून म्हणाली, आत्ता नको. मग मुलगा म्हणाला, बघू. मग तो फोनच उचलेनासा झाला."

पाळकांच्या तयार वाक्यांपैकी एकही उपयोगाचं उरलं नव्हतं. "दुसरं काही..." ते म्हणाले. "तुमचं स्वतःचं घर?"

"माझं?" म्हाताऱ्याला खरंच नवल वाटलं. "मी कुठे बांधणार हो? जिथे पाठवलं तिथे गेलो. प्रत्येक ठिकाणी घर तयार असायचं. कधी सुचलंच नाही, की एक दिवस ते नसेल."

"बिशपसाहेबांचा वृद्धाश्रम आहे."

"आहे की. पुरुष वरच्या मजल्यावर, बायका खालच्या." त्यांनी बायकोकडे बघितलं. ती मान खाली घालून बटाटा सोलत होती, अगदी पातळ सालं काढत. "हिला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही."

"मंडळीला सांगूया. सगळे जीव टाकतात तुमच्यावर."

"नाही!" थोरले पाळक एकदम म्हणाले. "पूर्वी एकदा इथे नेमणूक होती तेव्हा मुलाचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झालाय. पोरगं कसं असावं म्हणून लोक त्याचं उदाहरण देतात आपल्या पोरांना. मी व्यासपीठावरून सांगितलंय, त्यानं माझ्यासाठी घर बांधलंय म्हणून. खोटं बोललो मी वेदीसमोर." त्यांनी नव्या पाळकांचा हात धरला.  "मी हे तुम्हाला पाळक म्हणून सांगतोय. माझे पाळक म्हणून."

गेले कित्येक महिने हा शब्द कुणाच्या तरी तोंडून मनापासून निघावा म्हणून पाळकांचा जीव तडफडत होता. निघाला तो नेमका या माणसाच्या तोंडून. आणि त्याबरोबर त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. पाळकाला पाळक म्हणून जे सांगितलं जातं ते त्याच्यापाशीच राहतं. कमिटीला नाही, बिशपला नाही, बायकोलाही नाही. यात पळवाट नसते. ते तिथेच खोक्यावर बसून त्या दोघांसाठी प्रार्थना करू लागले, आणि प्रार्थना करताना त्यांना इतका राग येत होता, की कुणावर हेच कळत नव्हतं. मुलावर, सुनेवर, या म्हाताऱ्यावर, की ज्यानं आपल्याला या धंद्यात आणलं त्याच्यावर.

बाहेर येऊन त्यांनी सचिवांना फोन केला. "उद्याचा टेम्पो रद्द करा."

"अहो, तुम्हीच तर घर डोक्यावर घेतलं होतं!"

"हो. रद्द करा."

"का पण?"

"बघू," पाळक म्हणाले. 

बातमीला पाय असतात, सचिवांच्या बायकोच्या बातमीला तर चाकं. पाळक हॉलमध्ये पोचले तेव्हा पाळकीणबाई दारातच उभ्या होत्या. हातात शनिवारसाठी आणलेला नवा झाडू होता, पार्सनेज झाडायचा.

"टेम्पो तुम्ही रद्द केलात?"

"हो."

"का?"

पाळक पौलाच्या नकाशाकडे बघत राहिले. लेकीनं वहीतून मान वर केली, दोघांकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. पाळकीणबाईंनी हे मौन पूर्वीही पाहिलं होतं. लोकांच्या घरातल्या भानगडी कानात साठवून नवरा असाच मुका होऊन घरी यायचा, आणि त्या कधी खोदून विचारत नसत. पण तेव्हा भानगड लोकांच्या घरातली असे. आज घर त्यांचं होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि झाडू कोपऱ्यात उभा केला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते पाळकांना त्या दिवशी कळलं. त्यात मार खाणारे एकटे तेच नव्हते.

चहा पिताना मात्र त्यांच्या तोंडून भलतंच निघून गेलं. ते म्हणाले, "आपण निवृत्त झालो, की माझी पुस्तकं ठेवायला तुझ्या दादाकडे जागा होईल का गं?"

पाळकीणबाईंनी कप खाली ठेवला. नवऱ्याकडे बघितलं. मग खिडकीतून पार्सनेजच्या ओढलेल्या पडद्यांकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

"होईल," त्या म्हणाल्या. "पुस्तकांना होईल."

रविवारी व्हरांड्यातली वेताची खुर्ची रिकामी होती. थोरले पाळक चर्चमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसले. उपासना संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर नव्या पाळकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "लोकहो, माझं काम संपलंय. काही असेल तर यांच्याकडे यायचं." पहिल्या बाकावरचा तो माणूस, ज्याचं प्लास्टर केव्हाच निघालं होतं, लगेच पुढे आला. त्याच्यामागे सूरमावशी, तिच्या भाच्याचं काही होतं. पाळकांभोवती घोळका झाला. पायऱ्या भरून गेल्या. ज्यासाठी एवढी तगमग केली ते सगळं पदरात पडलं होतं आणि पाळकांना एकाचंही बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, कारण मागे हॉलमध्ये पाळकीणबाई बॅगा भरत होत्या. त्यांनी गाद्या या वेळी परत पसरल्याच नव्हत्या.

सोमवारी सकाळी पाळक त्यांना सोडायला बसस्टँडवर गेले. लेक खिडकीजवळची जागा धरून बसली, पुस्तक उघडलंसुद्धा. पाळकीणबाई दाराशी थांबल्या.

"मी रुसून जात नाहीये," त्या म्हणाल्या. "दादाच्या घराजवळच्या शाळेत जागा निघालीय. मी हो कळवलंय. पोरीची परीक्षा झाली तरी मी परत येणार नाही, सुट्टीत येईन. तिथं राहून एक छोटं घर करायचंय मला. दोन खोल्या झाल्या तरी चालतील, पण आपल्या नावाच्या."

"अगं, पण आत्ताच कशाला? निवृत्तीला अजून कितीतरी वर्षं आहेत."

"त्यांनाही होतीच की."

 पाळकांना हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणणंही पाप होतं.

"काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. देवासमोर तुम्ही सुटलात." त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज शाळेत शिकवतानाचा होता, स्वच्छ. "मला एवढंच हवंय, की तुमच्यामागून येणाऱ्या पाळकाच्या बायकोला माझ्यासारखं दर रविवारी घर गुंडाळून ठेवायला लागू नये."

कंडक्टरनं घंटी मारली आणि त्या वर चढल्या.